बाराव्या हाकेचा स्रोत

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते.

१. आमच्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रबंधांची तोंडी परीक्षा. समितीवर उपप्राचार्य मिस्टर काउट, एक बाहेरचे परीक्षक आणि ग्रंथालयाच्या वतीने मी. खरं तर ही जागा आमच्या मुख्य ग्रंथपाल स्कोलास्टिका आंटींची. त्या भावाच्या दुखवट्याला वेवाकला गेल्या आहेत.

२. हेडविग या विद्यार्थिनीचा विषय होता सिरिवाट गावातला गरामुट: पोकळ ओंडक्याच्या त्या ढोलावर टिपरू मारून कोणाला कशी हाक देतात, कोणाची हाक कोणती.

३. मी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. एक तिच्या प्रबंधातलं, दुसरं मिशनरी फादर रुडॉल्फ यांच्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या टिपणांतलं. अकरा हाका. ठोके तेच, लांब-आखूड तेच, क्रमही तोच. ही टिपणं यंदा मार्चमध्ये मीच स्कॅन करून साम्य तपासणाऱ्या प्रणालीत चढवली होती. नाहीतर कोणाच्या लक्षात आलं नसतं.

४. मी समितीला सांगितलं, की मूळ टिपणं आमच्या बंद कपाटात असतात. कपाटावर 'तांबू' अशी पाटी आहे, म्हणजे हात लावायचा नाही. किल्ल्या फक्त माझ्याकडे आणि आंटींकडे.

५. हेडविगच्या संदर्भसूचीत या हाकांपुढे एकच शब्द आहे: तांबू.

६. मिस्टर काउटनी विचारलं, "हे कुठून आणलंस?" ती म्हणाली, "तांबू." त्यांनी विचारलं, "तुला दिलं कोणी?" ती खाली बघत राहिली. ते म्हणाले, "नाव सांग, तुझं वर्ष वाचेल." ती बोलली नाही. मग मी विचारलं. दोनदा.

७. निर्णय: चोरी. प्रबंध रद्द. शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळणार नाही.

८. जाताना तिने बिलमच्या झोळीतून ग्रंथालयाची दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. त्यांची मुदत संपली नव्हती.

तिच्या यादीत एक बारावी हाकही आहे. ती फादरांच्या टिपणांत नाही. चोरी झाकण्यासाठी घातलेली भर असावी, असं मी अहवालात लिहिलं आहे.

माझं काम बरोबर झालं. हे वाक्य लिहावंसं का वाटलं, ते कळत नाही.


४ ऑक्टोबर, बुधवार

पहिल्या वर्षाचा तास. विषय: स्रोत कसा नोंदवायचा. फळ्यावर नेहमीप्रमाणे लिहिलं: कोणी सांगितलं, केव्हा, कुठे. ज्याचं नाव नाही तो स्रोत नाही.

मागच्या बाकावरून कॅलिस्टसने हात वर केला. "मिस, मला माझ्या आजीने सांगितलं. आजीचं प्रकाशनवर्ष काय लिहू?"

वर्ग हसला.

"जन्मसाल लिही," कोणीतरी म्हणालं.

"तिलाच माहीत नाही. म्हणते, मोठा ज्वालामुखी फुटला त्या वर्षी."

"मग दुसरी आवृत्ती लिही. दात पडले त्या वर्षीची."

एरवी मीही हसले असते. मी म्हटलं, तोंडी माहितीला बोलण्याची तारीख चालते, नाव मात्र पूर्ण हवं. ते त्यांनी लिहून घेतलं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे बघतच म्हणाली, "मिस, हेडविगताईंना घालवलं ते नाव दिलं नाही म्हणून का?"

मी म्हटलं, दुसऱ्या विद्यार्थ्याच्या निकालावर वर्गात बोलणं योग्य नाही.

नंतरचा तास फार शांत गेला. शांत वर्ग मला एरवी आवडतो.


६ ऑक्टोबर, शुक्रवार

टेबलाच्या खणात वर्तमानपत्राची पुडी सापडली. भाजलेले गालिप, इथल्या झाडाची बदामासारखी फळं. ऑगस्टमध्ये हेडविगने आणले होते. अर्धे मी तेव्हाच खाल्ले होते, उरलेल्यांना आता खवट वास येतो आहे.

ती पुडी देताना झालेलं बोलणं आठवतं आहे, म्हणून लिहिते.

ती दुपारी काउंटरशी आली होती. तिच्याजवळ कच्चा प्रबंध होता. तो मी आधी वाचून दिला होता, लाल पेन्सिलीने खुणा करून. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, "ही हाक त्या फळाच्या दिवसांत देतात." मी 'त्या फळाच्या'भोवती गोल काढून बाजूला लिहिलं होतं: कोणतं फळ? नेमकं लिहा.

तिने पुडी पुढे सरकवली. "मिस, घरून आणलंय. तुम्ही दुपारचं काही खातच नाही."

मी उघडून म्हटलं, "अरे वा, गालिप!"

ती हसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "हो, तेच."

मग तिने विचारलं, "मिस, स्रोताचं नाव आपणच लिहायचं असतं का? म्हणजे दुसऱ्या कोणी त्या जागी लिहून दिलं तर?"

मी म्हटलं, "प्रबंधातलं एक अक्षरही दुसऱ्याने लिहिलेलं चालत नाही."

"आणि परीक्षेत विचारलं तर तोंडाने सांगावं लागतं?"

"अर्थातच."

ती म्हणाली, "बरं." थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मागे रांग होती, म्हणून मी पुढच्या मुलीला बोलावलं.

आता बघितलं तर हे प्रश्न स्पष्टच आहेत. कोणाकडून तरी लिहून घ्यायचा बेत असणार. अहवालात जोडायला हवं होतं. पण मी ते अजून जोडलेलं नाही.

पुडी टाकून दिली. खण पुसला.


९ ऑक्टोबर, सोमवार

आंटी परत आल्या. दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत आहेत. आवाज बसला आहे, पण बोलणं थांबलेलं नाही. मी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"पोरीचं लग्न कुठे झालंय?"

मी म्हटलं, "त्याचा काय संबंध?"

"विचारतेय ते सांग."

मला माहीत नव्हतं. प्रवेशाच्या कागदांत पाहिलं. माहेर बोगियाच्या बाजूला. नवऱ्याचं गाव सिरिवाट.

"आणि हाका कुठल्या गावच्या?"

"सिरिवाटच्या."

आंटी माझ्याकडे बघत राहिल्या. आपण ज्या मुलीला शिकवतो तिला साधी बेरीज येत नाही हे कळल्यावर बघावं तसं.

"एर्ना, तांबू म्हणजे काय?"

"निषिद्ध. बंद."

"आणि?"

"लग्नाच्या नात्याचं, सासरचं माणूस."

"मग?"

त्या पुढे झुकल्या. "बाई गं, तिने तुम्हाला सांगितलं की मला माझ्या सासऱ्याने दिलं. आणि तुम्ही तिघं मिळून तिला म्हणालात, आता सासऱ्याचं नाव घे. त्या बाजूच्या गावांत सून मरेल, पण ते नाव ओठांवर आणणार नाही. त्या नावासारखा दुसरा शब्दसुद्धा नाही."

"पण साम्य शंभर टक्के होतं. प्रणालीने..."

"तुझ्या त्या मशीनचं लग्न झालंय का? नाही ना? मग त्याला सासरा काय कळणार?"

मी म्हटलं, मशीनने चोरी म्हटलेलं नव्हतं. साम्य म्हटलं होतं. चोरी हा शब्द माझा.

आंटींनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं होतं, रागावतील.

मला हे कळायला हवं होतं का? माझे वडील मानुस बेटावरचे, आई दूरच्या केरेमाची. मी ले शहरातल्या कंपनी वसाहतीत वाढले. आमच्या घरात दोघांपैकी कोणाचीच गावची भाषा चालली नाही. भावाच्या बायकोला मी "ए तांबू" अशी हाक मारते आणि ती मला बटाट्याचे चिप्स आणून देते. आमच्याकडे तो शब्द चेष्टेचा झाला आहे. त्याची दुसरी बाजू मला ठाऊक होती, पण शब्दकोशातला शब्द ठाऊक असतो तशी.

आणि कपाटावरची पाटी तर मी रोज पाहत होते.


१० ऑक्टोबर, मंगळवार

फादर रुडॉल्फ यांची टिपणं पुन्हा काढली. या वेळी ठोके सोडून बाकीचं वाचलं. स्कॅन करताना मी फक्त अक्षरं नीट उमटली आहेत का ते पाहिलं होतं.

अकरा हाकांच्या वर एकच ओळ आहे: "सिरिवाटच्या एका वृद्धाने सांगितल्याप्रमाणे."

नाव नाही. तारीख नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये या टिपणांना 'मूळ स्रोत' असा दर्जा आहे. तो मीच दिला आहे.

दुपारी कॅलिस्टस काउंटरवर आला. "मिस, फादरला चालतं आणि आजीला चालत नाही, असं का?" त्याला या टिपणांबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्याचा प्रश्न वेगळ्याच पुस्तकाबद्दल होता. मी त्याला सांगितलं, उद्या ये.


१२ ऑक्टोबर, गुरुवार

मिस्टर काउटना भेटले. सगळं क्रमाने सांगितलं. ते खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते.

"तिने सांगायला हवं होतं, की तांबू म्हणजे सासरा," ते म्हणाले.

"तिने तांबू म्हटलं, सर."

"तू त्याच्या आधी कपाट म्हणालीस." मग ते खुर्चीत बसले. "मी अंगोरामचा आहे. माझ्या सासूचं नाव मी लग्न झाल्यापासून उच्चारलेलं नाही. बँकेत तिचा कागद भरायचा होता तेव्हा माझ्या मुलाला पुढे केलं. कारकून म्हणाला, साहेब, तुम्ही उपप्राचार्य ना, लिहिता येत नाही का?" ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. "मला लगेच कळायला हवं होतं. पण दोन पानं समोर होती. किल्लीची गोष्ट समोर होती. तू इतकी खात्रीने बोलत होतीस."

मी म्हटलं, "हो."

निर्णय समितीचा आहे. तो फिरवायचा तर फेरविचाराचा अर्ज विद्यार्थिनीने स्वतः, स्वतःच्या सहीने करायचा. माझ्या म्हणण्यावर होत नाही. यंदाची शेवटची बैठक २७ ऑक्टोबरला, शुक्रवारी. तिथे यादी पक्की झाली की ती शिक्षण खात्याकडे जाते, आणि जानेवारीच्या नेमणुका त्याच यादीवरून होतात.

"आणि स्रोताचं नाव?" मी विचारलं.

"ते लागेलच. तिने सांगायला नको. पण कुठूनतरी आलं पाहिजे."

हेडविगचा फोन लागत नाही. सिरिवाटला टॉवर नाही.


१४ ऑक्टोबर, शनिवार

सिरिवाटला जाऊन आले.

उत्तरेकडच्या रस्त्याला जाणाऱ्या ट्रकमध्ये बसले. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बाजारातून परतणाऱ्या बायका, मध्ये कोंबड्या आणि तांदळाची पोती. शेजारच्या बाईने मला सुपारी दिली. मी नको म्हटल्यावर तिने बाकीच्यांना सांगितलं, "शहरातली आहे." कोणी विचारलं नाही तरी मी सांगितलं, हेडविगला भेटायला चालले आहे. ट्रकमधलं बोलणं बंद झालं. मग शेवटच्या फळीवरून कोणीतरी म्हणालं, "कॉलेजची का?"

मी हो म्हटलं. उतरेपर्यंत माझ्याशी पुन्हा कोणी बोललं नाही.

रस्त्यालगतच शाळा दिसली. एक खोली, पत्र्याचं छप्पर. अंगण झाडलेलं, पायवाटेच्या दोन्ही कडांना ताजी रंगीत पानांची रोपं लावलेली. दार मात्र दोरीने बांधून ठेवलेलं.

हेडविगचं घर शेवटचं. खालच्या सावलीत एक म्हातारा बसला होता, चुन्याची डबी मांडीवर. शेजारी गरामुट आडवा ठेवलेला, त्याच्या कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या. मी माझं नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं.

"मग तू ती किल्लीवाली," तो म्हणाला. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "बस. तुझ्यासाठी खुर्ची नाही. आमच्याकडे फक्त पाद्र्यासाठी खुर्ची होती, ती वाळवीने खाल्ली."

मी चटईवर बसले. मी म्हटलं, मला त्यांचं नाव लिहून घ्यायचं आहे, त्यांच्याच तोंडून.

"एवढ्यासाठी आलीस? हे तर तुला ट्रकवालाही सांगेल. सगळ्या जगाला माझं नाव घेता येतं, माझ्या सुना सोडून." तो ताठ बसला आणि कोर्टात सांगावं तसं म्हणाला, "माझं नाव गालिप. हंगामात जन्मलो म्हणून. झाडाखालीच झालो म्हणतात, पण माझी आई थापा मारायची."

मी पेन धरून बसले होते. नाव लिहिलं. आणि मग ती पुडी आठवली. 'हो, तेच.' आणि प्रबंधातलं 'त्या फळाच्या दिवसांत'. आणि माझा लाल गोल. नेमकं लिहा.

मी विचारलं, फादर रुडॉल्फना अकरा हाका कोणी सांगितल्या होत्या?

"माझ्या बापाने. मी तेव्हा नागडा फिरत होतो. पाद्री लिहायचा आणि बाप सांगायचा. हाका अशाच क्रमाने सांगतात, मध्येच कुठून सुरू करता येत नाही. बापाने मला सांगितल्या, मी मुलांना सांगितल्या. सून म्हणाली, मी लिहू का? मी म्हटलं, लिही. बायकांनी हा वाजवायचा नसतो, पण ऐकायला कान कोणी कापले नाहीत."

"मग बारावी?"

म्हाताऱ्याने टिपरू उचललं आणि गरामुटवर ठोके दिले. दोन लांब, तीन आखूड, एक लांब. पुन्हा तेच. आवाज पोटात लागतो. मी तो कागदावर पाहिलेला होता, ऐकला आज.

"आता थांब," तो म्हणाला.

आम्ही थांबलो. वरच्या मळ्याच्या वाटेवरून हेडविग उतरत आली. कपाळावरून पाठीवर सोडलेलं रताळ्यांचं बिलम, हातात कोयता. सासऱ्याने आपल्याला कशाला बोलावलं ते बघत होती, आणि मी दिसले.

म्हातारा मला म्हणाला, "मला तिचं नाव घेता येत नाही, तिला माझं. घर कसं चालायचं? दुसऱ्या सुनांना मी खाकरून बोलावतो. ही कॉलेजला गेली तेव्हा हिच्यासाठी मी नवी बनवली. माझ्या बापाच्या वेळेनंतर या गावात नवी हाक कोणी बनवली नव्हती."

मी अहवालात 'चोरी झाकण्यासाठी घातलेली भर' असं लिहिलं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

हेडविगने बिलम खाली उतरवलं. "काय मिस, किल्ली सापडली का?"

म्हातारा उठला, काठी घेतली आणि डुकरांना हाकलायला निघून गेला. तिथे डुकरं नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. फेरविचाराचा अर्ज, तारीख, नावाची सोय. ती रताळ्यांवरची माती अंगठ्याने काढत ऐकत होती.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तांबू म्हटलं. त्याच्यापुढे काय सांगायचं असतं? मला वाटलं, बाहेरचे परीक्षक आहेत, त्यांना कळणार नाही. पण मिस आहेत ना, त्या सांगतील."

"मला कळलं नाही."

"ऑगस्टमध्ये मी विचारायला आले होते."

"हो."

"तुमच्या मागे रांग होती."

"माझ्या मागे नाही, तुझ्या मागे होती," मी म्हटलं. असं का म्हटलं माहीत नाही. वस्तुस्थिती तशी होती, एवढंच.

ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "शाळा पाहिलीत का येताना? दोन वर्षं मास्तर नाही. मी येणार म्हणून सगळ्यांनी मिळून झाडली, रोपं लावली. माझ्या मुली रोज जाऊन पाणी घालायच्या. आता दार बांधलंय. कोणी काही बोलत नाही मला. बोलले असते तर बरं झालं असतं. चोरी म्हटल्यावर माणसं बोलत नाहीत, सामान मोजतात."

"अर्ज कर. हे बदलेल."

"पुन्हा त्या खोलीत यायचं?"

"कदाचित."

"आणि तुम्ही? त्यांच्यासमोर म्हणाल, की चूक तुमची होती?"

मी म्हटलं, "मी लेखी देईन."

"लेखी," ती म्हणाली. तिने रताळी पुन्हा बिलममध्ये भरली. एक मोठं बाजूला काढून माझ्या हातात दिलं. "ट्रक लगेच निघेल. पुढचा थेट बुधवारी असतो."

ती नाही म्हणाली नाही. हो म्हणाली असंही नाही.

ट्रकमध्ये बसल्यावर लक्षात आलं. तिला लेखी नको होतं.


१६ ऑक्टोबर, सोमवार

माझा जुना अहवाल मागे घेतल्याचं पत्र मिस्टर काउटना दिलं. म्हाताऱ्याचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं, तेही दिलं. तो स्वतःचं नाव सांगतो, ते त्यात स्वच्छ ऐकू येतं. त्यांनी ते ऐकलं आणि शेवटी ठोके आले तेव्हा मोबाइल टेबलावर ठेवून हात मागे घेतला.

"हे बाहेरच्या परीक्षकांना समजावणार कोण?"

"मी. तोंडी."

"एर्ना, तू कधी बैठकीत दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी सोडून."

"त्या दिवशी बोलले, म्हणूनच."

त्यांनी तसं कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलं. पण अर्ज तिचाच हवा. ते पुन्हा म्हणाले, आणि मला राग आला नाही. नियम बरोबर आहे. तिच्या वतीने सगळं मीच बोलायचं असेल, तर ते पुन्हा त्या दिवसासारखंच होईल.


१७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिल्या वर्षाचा तास. फळ्यावरची जुनी ओळ पुसली. स्रोताच्या नोंदीत एक नवी जागा ठेवली: 'हे नाव कोणाकडून घ्यावं?' विद्यार्थ्याला नाव घेता येत नसेल तर घेता येणाऱ्या माणसाकडे बोट दाखवायचं. बाकीचं काम ग्रंथालय करेल.

कॅलिस्टस म्हणाला, "मिस, माझ्या आजीला नवऱ्याचं नाव घेता येत नाही. ती सत्तर वर्षं त्याला 'ऐका हो' म्हणत होती. मग आजोबांचं नाव 'ऐका हो' लिहू का?"

या वेळी मी हसले. वर्ग मात्र हसला नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने ती नवी ओळ उतरवून घेतली आणि विचारलं, "हे आता का ठेवलंत, मिस? आधी का नव्हतं?"

मी म्हटलं, "आधी मी विचारलं नव्हतं."

कपाटावरची पाटी काढली. आंटींनी विचारलं, आता तिथे काय लावणार? मी म्हटलं, 'किल्ली काउंटरवर मागा.' त्या म्हणाल्या, "एवढं लांब? त्यापेक्षा कुलूपच काढ." कुलूप ठेवलं आहे. कागद ओलसर हवेत टिकत नाहीत.


१८ ऑक्टोबर, बुधवार

आज ट्रक जातो. ड्रायव्हरच्या हाती हेडविगला पत्र दिलं. तो म्हणाला, परतीची चिठ्ठी असली तर पुढच्या बुधवारी संध्याकाळी आणून देईन. पत्राची नक्कल इथे ठेवते, कारण मी काय लिहिलं हे नंतर मला विसरायला आवडेल.

"हेडविग,

तुझ्या प्रबंधाबद्दल समितीत मी जे बोलले ते चुकीचं होतं. चूक यंत्राची नव्हती, नियमाचीही नव्हती. तू विचारायला आली होतीस, आणि मी तुला उत्तर दिलं, पण तू का विचारतेस हे विचारलं नाही.

बैठक शुक्रवारी, २७ तारखेला आहे. तू आलीस किंवा नाही आलीस, तरी मी तिथे उभी राहून हे सगळं तोंडी सांगणार आहे. तीच खोली, तेच लोक. तुला यावं लागलं तर मी आधी बोलेन. तुला कोणी नाव विचारणार नाही. ते तुझ्या सासऱ्यांनी स्वतः सांगितलं आहे.

बारावी हाक प्रबंधात जशी आहे तशीच राहील. तिच्यापुढे स्रोत म्हणून काय लिहायचं ते तू ठरव.

पत्रासोबत अर्जाचा कोरा कागद आहे. त्यावर फक्त तुझी सही लागते. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

तू आणलेली ती फळं मी अर्धीच खाल्ली, उरलेली खराब झाली. याचंही मला वाईट वाटतं.

अर्ज करायचा आहे की नाही, एवढं मला बुधवारी, २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत कळव.

एर्ना"